गाडी दारात, बोजा आरसीवर

शोरूममध्ये किंमत शेवटी येते. आधी चहा येतो, मग गाडीभोवती एक फेरी होते, दारे दोनदा उघडून लावून बघितली जातात, आणि मग गोल टेबलाशी बसलेला तरुण विचारतो, "सर, महिन्याला किती बसवू?" पिंपरी-चिंचवड असो, नाशिक असो की कोल्हापूर, वाक्य हेच. नवरा बायकोकडे बघतो. बायको मनातल्या मनात घरभाडे, शाळेची फी आणि सासऱ्यांच्या औषधांची वजाबाकी उरकते. कोणीतरी म्हणते, "तेरा हजारांपर्यंत चालेल." तरुणाची बोटे कॅल्क्युलेटरवर फिरतात. "बसतंय की मॅडम! बारा हजार आठशे एकाहत्तर." सगळ्यांचे चेहरे खुलतात. सात वर्षांचा उल्लेख तो करतो, नाही असे नाही. पण तोवर मुलाने गाडीचा रंग ठरवलेला असतो.

वाहनकर्जाच्या सगळ्या व्यवहारात लोक व्याजदरावर घासाघीस करतात आणि मुदतीकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते नेमके उलटे करायला हवे. पाव-अर्ध्या टक्क्यासाठी चार बँका पालथ्या घालणारा माणूस पाचाची सात वर्षे एका मान हलवण्यात मान्य करतो, आणि खरे पैसे तिथेच जातात.

हिशेब मांडूनच बघू. समजा, साडेआठ लाख एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी आहे. २०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वरचा उपकर यांवरून सरळ १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली लांबी आणि बाराशे सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन (डिझेल असेल तर पंधराशे) अशा गाड्यांना तो लाभ मिळाला. ही गाडी त्यातलीच धरू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी वाहनकर ११ टक्के. म्हणजे ९३,५०० रुपये. विमा, नोंदणी, फास्टॅग, मॅट, सीट कव्हर धरून गाडी रस्त्यावर यायला दहा लाखांच्या आसपास लागतात. दोन लाख खिशातले, आठ लाख बँकेचे. व्याज ९ टक्के.

हे आठ लाख तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता २५,४४० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख १६ हजार. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता १६,६०७, व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता १२,८७१, व्याज २ लाख ८१ हजार. म्हणजे पाचाचे सात केल्यावर महिन्याला ३,७०० रुपये वाचल्यासारखे दिसतात आणि शेवटी ८५ हजार जास्त जातात. शोरूमच्या कागदावर पहिला आकडा ठळक अक्षरात असतो. दुसरा कुठेच नसतो. तो आपला आपण गुणाकार करून काढावा लागतो.

सात वर्षांच्या कर्जात पहिल्या महिन्याच्या १२,८७१ रुपयांपैकी ६,००० व्याजात जातात. मुद्दलातून उतरतात ६,८७१. पहिल्या वर्षभरात तुम्ही दीड लाखाहून थोडे जास्त भरता आणि कर्ज उतरते फक्त ८६ हजारांनी. यात फसवाफसवी काही नाही. उरलेल्या मुद्दलावर व्याज ही साधी रीत आहे. सुरुवातीला मुद्दल मोठे, म्हणून व्याजही मोठे. बँक हे सगळे हप्त्यागणिक मांडलेले कोष्टक देते. ते घरी नेऊन बघण्याची सवय मात्र फार थोड्यांना आहे.

आता गाडीकडे बघा. गाडीच्या मोटार विम्यात आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली, तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो हा आकडा. त्याचे घसाऱ्याचे दर ठरलेले आहेत: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. आपली साडेआठ लाखांची गाडी तीन वर्षे पूर्ण करून चौथ्यात शिरली की तिची आयडीव्ही होते ५ लाख १० हजार. सात वर्षांच्या कर्जात त्या दिवशी बाकी किती? ५ लाख १७ हजार. त्या रात्री गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून नाहीशी झाली, तर दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, कारण पॉलिसीवर तिचे नाव असते. गाडी नाही, भरलेले दोन लाख नाहीत, तीन वर्षांचे हप्ते नाहीत, आणि वर सात हजार देणे बाकी. पाच वर्षांची मुदत घेतलेल्या माणसाची त्याच दिवशीची बाकी ३ लाख ६४ हजार असते. त्याच्या हाती दीड लाखाच्या जवळपास परत येतात. मुदतीचा हा फरक हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही.

•

आपल्याकडे हप्त्यावर गाडी घेणे तसे नवीनच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी मिळवायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. अडचण पैशांची होतीच, पण आधी गाडीच नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला गाडी दिसू लागली. तरी पैसे बहुधा भविष्यनिर्वाह निधीतून किंवा नोकरदारांच्या सोसायटीतून निघायचे. उदारीकरणानंतर खासगी बँका आणि फायनान्स कंपन्या शोरूममध्येच टेबल टाकून बसल्या, तेव्हा कुठे गाडी "उचलता" येऊ लागली. कर्ज काढणे ही लपवायची गोष्ट राहिली नाही, हे चांगलेच झाले. पण कर्जाची बोलणी विकणाऱ्याच्याच टेबलावर होऊ लागली आणि ती सवय आजही मोडलेली नाही.

कर्ज कोणाला काय भावाने मिळते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला दाखला औरंगाबादचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. किंमत ६५ कोटींच्या घरात. शहराचे नाव देशभर झाले. स्टेट बँकेने त्यातल्या बऱ्याच गाड्यांना ७ टक्क्यांनी कर्ज दिले होते. त्याच जिल्ह्यातला शेतकरी तेव्हा ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी चढा दर मोजत होता, आणि ही गोष्ट पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून चव्हाट्यावर आणली. टीका योग्यच होती. पण त्यातून कर्ज घेणाऱ्यानेही एक धडा घ्यावा: दीडशे जण एकत्र गेले म्हणून दर खाली आला. दर देवाने ठरवलेला नसतो. गृहसंकुलातल्या चौघांनी एकाच महिन्यात गाड्या घ्यायचे ठरवून बँकेत एकत्र जायला काय हरकत आहे? मी असे करताना फार कोणाला पाहिले नाही.

दराबाबत सर्वांत जास्त गोंधळ जुन्या गाड्यांच्या बाजारात आहे. "साहेब, फक्त ७ टक्के!" असे तिथे ऐकू आले की पहिला प्रश्न विचारायचा: फ्लॅट की रिड्यूसिंग? फ्लॅट म्हणजे मुद्दल कितीही उतरले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. पाच लाख रुपये, पाच वर्षे, ७ टक्के फ्लॅट: व्याज पावणेदोन लाख, हप्ता ११,२५०. हाच हप्ता नेहमीच्या, म्हणजे रिड्यूसिंग पद्धतीने उलटा सोडवला की दर निघतो साडेबारा टक्के. त्यावर प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला जीवनविमा. "शून्य टक्के व्याज" हा प्रकार तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच असे काही नसतेच म्हणून निकालात काढला होता. शून्य लिहिलेले असले की ते व्याज किमतीत किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेले असते.

यावर आता एक चांगला उतारा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत महत्त्वाच्या मुद्द्यांचे पत्रक, ज्याला सगळे केएफएस म्हणतात, देणे बंधनकारक आहे. त्यात एपीआर असतो: व्याज आणि सगळे आकार मिळून वर्षाला पडणारा खरा दर. पत्रकात न दाखवलेला आकार नंतर कर्जदाराच्या संमतीशिवाय लावता येत नाही. दोन बँकांची तुलना करायची तर दोन पत्रके शेजारी ठेवायची आणि एपीआरची ओळ बघायची. बाकी रंगीत माहितीपत्रके मुलांना चित्रे कापायला द्यावीत.

स्थिर दर घ्यावा की बदलता, हा पुढचा प्रश्न. खासगी बँका आणि फायनान्स कंपन्या वाहनकर्ज बहुधा स्थिर दराने देतात. सरकारी बँकांत रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी, जोडलेले कर्जही मिळते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आणला. बदलत्या दरवाल्यांचा हप्ता किंवा मुदत त्यामुळे घटली. स्थिर दरवाले बातमी वाचून गप्प बसले. उलटही घडते: मे २०२० पासून दोन वर्षे ४ टक्क्यांवर असलेला रेपो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला होता. पाच वर्षांच्या कर्जात या चढउताराने जीव जात नाही. मुदतीआधी कर्ज फेडताना मात्र फरक पडतो. वैयक्तिक कामासाठी घेतलेले बदलत्या दराचे कर्ज लवकर फेडल्यास दंड घेऊ नये, असे बँकांना २०१४ पासूनच बजावलेले होते. १ जानेवारी २०२६ किंवा त्यानंतर मंजूर झालेल्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने नवे, अधिक व्यापक निर्देश काढले आहेत. स्थिर दराच्या कर्जाला ते संरक्षण नाही. तिथे बाकीच्या रकमेवर काही टक्के आकार लागतो, आणि तो किती, कोणत्या हप्त्यानंतर, हे सही करण्याआधी विचारायचे असते.

लवकर फेडण्याचा फायदा किती? आपल्या सात वर्षांच्या कर्जात पहिल्या वर्षाअखेर दिवाळीचा बोनस म्हणून ५० हजार एकरकमी भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज साडेसहा महिने आधी संपते आणि सुमारे ३४ हजारांचे व्याज वाचते. काउंटरवर विचारतील, "हप्ता कमी करू की मुदत?" मुदत म्हणा.

माझ्या एका परिचिताचा कर्जकरार मी त्याच्याच घरी बसून वाचला. बारीक टाइप, इंग्रजी मजकूर, आणि पानोपानी पेन्सिलीने केलेल्या फुल्या: इथे सही करा. त्याने वीसेक सह्या डिलिव्हरीच्या गडबडीत, एका हातात पेढ्यांचा बॉक्स धरून केल्या होत्या. करारात गाडी ताब्यात घेण्याचे कलम होते, यार्डाचे भाडे कर्जदाराकडून वसूल करण्याचे होते, लवादाचे होते. विम्याचा हप्ताही कर्जातच धरलेला होता, म्हणजे विम्यावरही सात वर्षे व्याज. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. शोरूमला बँकेकडून कर्जामागे दलाली मिळते, विमा कंपनीकडून वेगळी मिळते. त्यात गैर काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. फक्त आपल्या बाजूने बोलणारे त्या टेबलावर कोणी नसते, एवढे ध्यानात ठेवावे. आपले पगाराचे खाते असलेल्या बँकेचे मंजुरीपत्र खिशात घेऊन शोरूममध्ये गेले की बोलण्याचा सूर बदलतो. सिबिलचा स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून निघणारा ३०० ते ९०० मधला आकडा, तोही आधी पाहून घ्यावा. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि जुन्या क्रेडिट कार्डाची विसरलेली किरकोळ बाकी पुष्कळदा तिथेच सापडते.

•

हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. महिन्याला हजार किलोमीटर चालवली, लिटरला सोळा पडले आणि पेट्रोल शंभरीच्या वर धरले, तर साडेसहा हजार. विम्याचे वर्षाचे पैसे बारा महिन्यांत वाटले तर दोन हजार. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरीसाठी दीड हजार बाजूला. पार्किंग, टोल, धुणाऱ्या दादांचे पैसे, अजून दीड. बारा हजार आठशे एकाहत्तरची गाडी महिन्याला चोवीस हजारांच्या पुढे जाते. पगारदाराला गृहकर्जासारखी करसवलत वाहनकर्जाच्या व्याजावर मिळत नाही. विजेच्या गाड्यांसाठी दीड लाखापर्यंतच्या व्याजाची वजावट होती, पण ती मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच.

अमेरिकेतून आलेला एक नियम सध्या सगळीकडे फिरतो: २० टक्के रोख भरा, चार वर्षांत फेडा, वाहनाचा सगळा खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांत बसवा. आपल्या आठ लाखांना तो लावून बघितला. चार वर्षांचा नुसता हप्ताच १९,९०८ रुपये, म्हणजे महिन्याला दोन लाखांहून चांगलेच जास्त उत्पन्न हवे. हा नियम आपल्याला सरळ पीएमपीच्या बसमध्ये बसवतो. बँका दुसऱ्या टोकाला जातात; सगळे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत गेले तरी त्यांना चालते, कारण त्यांचा हप्ता एक तारखेच्या आसपास आधी कापला जातो आणि दूधवाल्याचा नंतर. माझा अंदाज असा, की पेट्रोलसकट गाडीचा सगळा खर्च हाती येणाऱ्या पैशाच्या पाचव्या हिश्श्यात बसत असेल तर झोप लागते. बसत नसेल तर गाडी लहान घ्यावी, जुनी घ्यावी किंवा वर्षभर तोच "हप्ता" आवर्ती ठेवीत भरून बघावा. वर्षभर भरता आला तर रोख भरायची रक्कमही तयार होते.

ज्यांचे उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. उसाचे पैसे ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते कधी येतात हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला विचारावे. ट्रॅक्टरचे हप्ते म्हणूनच बऱ्याच ठिकाणी सहामाही बांधलेले असतात. पण तोच शेतकरी चारचाकी घेतो तेव्हा त्याला मासिक हप्ता लागतो, आणि एप्रिल ते ऑक्टोबर हे महिने तो इकडून तिकडून उचल घेऊन काढतो. अशा वेळी गावची पतसंस्था जवळची वाटते. व्यवस्थापक ओळखीचा, कागद मराठीत, साहेबांची वाट बघावी लागत नाही. दर चढा असतो आणि दोन जामीनदार लागतात. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार, अशी समजूत घराघरांत आहे. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली संस्थेला वसुलीचा दाखला मिळतो आणि मग वसुली अधिकारी जामीनदाराच्या दारातही येतो. "मेहुण्याच्या गाडीला नुसती सही दिली होती," असे म्हणणारी माणसे सहकार निबंधकांच्या कचेरीबाहेर भेटतात. नोकरदारांच्या सोसायटीचे कर्ज त्या मानाने स्वस्त आणि सुरक्षित. सहकार कायद्याच्याच ४९ व्या कलमानुसार हप्ता पगारातूनच कापून घेता येतो, त्यामुळे चुकवायची सोयच नसते.

कमाई कमीजास्त आणि हप्ता ठरलेला, हे टॅक्सीवाल्यांनी सर्वांत कडू चाखले. अॅपवर गाडी लावा, महिन्याला भरपूर कमवा, अशा जाहिरातींवर मुंबई-पुण्यात हजारो तरुणांनी कर्जावर गाड्या काढल्या. पुढे प्रोत्साहनाच्या रकमा घटल्या, गाड्या वाढल्या, हप्ता तेवढाच राहिला. २०१८ मध्ये मार्चात आणि पुन्हा ऑक्टोबरात मुंबईतल्या चालकांनी संप केला, तेव्हा भाड्याच्या मागणीमागे हप्त्याचेच गणित होते. चांगल्या महिन्याच्या कमाईवर हप्ता ठरवला की वाईट महिना आपोआप थकबाकीचा होतो.

•

पहिला हप्ता चुकतो तेव्हा बँकेत फारसे काही घडत नाही. खात्यात पैसे नसल्याने ई-मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याचा आदेश, परत जातो, त्याचे शुल्क अधिक जीएसटी लागतो आणि एक एसएमएस येतो. तीस दिवसांपर्यंतची थकबाकी, मग साठ, मग नव्वद, असे टप्पे असतात; नव्वद दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरते. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना दर पंधरा दिवसांनी कळवू लागल्या, म्हणून "महिनाअखेर भरून टाकू" हा भरवसा आता चालत नाही. परत गेलेला ई-मँडेट हा न वटलेल्या धनादेशासारखाच गुन्हा ठरू शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. २००७ च्या पेमेंट कायद्याचे २५ वे कलम त्यासाठीच आहे. एक बाजू मात्र कर्जदाराच्या हिताची झाली आहे. थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावायचे आणि मग त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचे, हा खेळ २०२४ पासून बंद आहे. दंड आकारता येतो, पण तो मुद्दलात मिसळता येत नाही.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. गुंड पाठवून गाडी उचलणे चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच एका ट्रकच्या प्रकरणात बजावले होते. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने अशा जबरी जप्तीला जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग म्हटले. म्हणजे बँक गाडी घेऊ शकत नाही असे नाही. कर्ज फिटेपर्यंत गाडी तारण असते. मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार तसा बोजा आरसीवर, म्हणजे नोंदणीपुस्तकावर, नोंदलेला असतो. नोटीस देऊन, रीतसर मार्गाने ती घेता येते. टोलनाक्याजवळ चौघांनी गाडी अडवून किल्ली हिसकावणे ही रीत नव्हे. असे झाले तर ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे आणि जागेवरून ११२ ला फोन लावावा.

उचललेल्या गाड्या कुठे जातात, ते पाहायला पुण्याबाहेरच्या हायवेला लागून असलेल्या एका यार्डात गेलो होतो. पत्र्याचे कुंपण, आत ओळीने गाड्या, काचांवर खडूने लिहिलेले लॉट नंबर. बॅटऱ्या उतरलेल्या, यार्डातला पोरगा एकच चार्ज केलेली बॅटरी आणि जंपर वायर घेऊन गाडीगाडीने फिरतो, इंजिन सुरू करून दाखवतो आणि पुढे जातो. बोली लावणारे व्यापारी बोनेट उघडतात, ऑइलची पट्टी काढून बोटावर चोळून बघतात, टायर दाबतात. एका पांढऱ्या हॅचबॅकच्या आरशाला दसऱ्याचे झेंडू वाळून काळे पडलेले होते, मागच्या सीटवर लहान मुलाची उन्हाची जाळी, मागच्या काचेवर "आई-बाबांचा आशीर्वाद". व्यापाऱ्याने तो स्टिकर नखाने खरवडून पाहिला, खाली ओरखडा दडवलाय का म्हणून.

या लिलावात गाडीला बाजारभाव मिळत नाही. समजा बाकी होती ४ लाख २० हजार आणि लिलावात आले ३ लाख १० हजार. तर १ लाख १० हजार, अधिक ओढून नेण्याचा आणि यार्डाचा खर्च, मूळ मालकाच्या नावावर राहतो. गाडी गेली म्हणजे कर्ज गेले, हा समज खोटा आहे. हप्ते झेपेनात असे दिसले, तर यार्डापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधून, बँकेकडून बाकीचे पत्र घेऊन, कर्ज फेडून गाडी विकणे केव्हाही फायद्याचे.

त्याऐवजी गावाकडे दुसराच मार्ग सर्रास चालतो. "उरलेले हप्ते तू भर, गाडी तू चालव." पाचशेच्या स्टँपवर नोटरी होते, किल्ली जाते, वर थोडे रोख मिळतात. आरसी जुन्याच नावावर, कर्ज जुन्याच नावावर. नव्या माणसाने चार हप्ते भरून हात वर केले की सिबिल बिघडते ते पहिल्याचे. अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक; भरपाईची जबाबदारीही त्याची. तो स्टँपपेपर न्यायालयात काही कामाचा ठरत नाही. अशी गाडी देऊ नये आणि घेऊही नये.

अडचण आली तर हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे. नोकरी गेल्याचे पत्र, दवाखान्याची बिले जोडून मुदतवाढ किंवा पुनर्रचनेचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सवलत म्हणजे माफी नव्हे, हे कोविडमध्ये कळले. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा मिळाली, पण व्याज चालूच होते. व्याजावरचे व्याज घेऊ नये, यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि मार्च २०२१ मध्ये तसा निकाल झाला. बँकेने तीस दिवसांत तक्रारीला उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मदतीचा क्रमांक १४४४८, मराठीतही बोलता येते.

आणि हप्ते नेमाने फेडणाऱ्यांसाठी एक राहिलेले काम. शेवटचा हप्ता गेला म्हणजे आरसीवरचे बँकेचे नाव आपोआप जाते असे समजून पुष्कळ जण निवांत राहतात आणि पाच वर्षांनी गाडी विकताना आरटीओच्या खिडकीपाशी अडकतात. तोवर शाखा हललेली असते, फायनान्स कंपनी दुसरीत विलीन झालेली असते. पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत कागद परत करून बोजा काढण्याची कारवाई न केल्यास बँकेने दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे, तेव्हा मागायला संकोच नको. ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. त्या पत्राला मुदत असते, बहुधा तीन महिन्यांची. आरसी, चालू विमा आणि पीयूसीसह आरटीओत अर्ज करा, आणि विमा पॉलिसीवरचे बँकेचे नावही त्याच आठवड्यात काढून घ्या.